व्हिसा न काढता फिजीला: आईबरोबरच्या प्रवासाची कागदपत्रं

ताईची मुलगी सुव्हाला, म्हणजे फिजीच्या राजधानीत, नोकरी करते. ‘मावशी, आजीला घेऊन ये ना’ हे तिचं पालुपद २०२४च्या जानेवारीत आईनं एकदम मनावर घेतलं. आई चौऱ्याहत्तरची, गुडघ्यांची कुरकुर कायमची, परदेशात कधी गेलेली नाही. मी हो म्हटलं, आणि रात्री नकाशा उघडल्यावर पोटात गोळा आला. ऑस्ट्रेलियाच्याही पुढं, पॅसिफिकच्या मधोमध ते ठिपके. तिथं पोचायचं कसं, कुणाची परवानगी घ्यायची, वाटेत कुठं अडवतील का, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. तिथून परतेपर्यंत जे जे कळत गेलं ते क्रमानं लिहिते आहे, कारण मराठीत शोधताना मला समुद्रकिनाऱ्यांचे फोटोच जास्त सापडले, काउंटरवर काय होतं ते फारसं कुणी लिहिलेलं नव्हतं.

पहिली चौकशी आमच्या भागातल्या एका ट्रॅव्हल एजंटकडे केली. त्यानं ‘फिजी व्हिसा, माणशी साडेआठ हजार’ असं छातीठोकपणे सांगितलं. दुसरा म्हणाला, तिथं उतरल्यावर फी भरून व्हिसा मिळतो. भाची फोनवर म्हणत होती की काहीच लागत नाही. तीन ठिकाणी तीन उत्तरं मिळाल्यावर मी फिजीच्या इमिग्रेशन खात्याची स्वतःची माहिती वाचायला बसले. व्हिसातून सूट असलेल्या देशांची यादी तिथं आहे आणि त्यात भारत आहे. पर्यटनासाठी किंवा नातेवाइकांना भेटायला जाणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकाला फिजीत पोचल्यावर चार महिन्यांपर्यंत राहण्याचा व्हिजिटर परमिट देतात, तोही विनामूल्य. त्यामुळे कुणी ‘फिजी टुरिस्ट व्हिसा’ म्हणून पैसे मागत असेल, तर कृपा करून देऊ नका.

अटी मात्र आहेत. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. परतीचं किंवा पुढच्या देशाचं तिकीट हवं, आणि त्या पुढच्या देशात शिरायचा हक्कही हवा. राहण्याचा खर्च भागेल एवढे पैसे जवळ असल्याचं दाखवता यायला हवं आणि राहण्याचा पत्ता सांगता यायला हवा. या परमिटवर नोकरी करता येत नाही.

हे सगळं वाचून मला आधी हायसं वाटलं आणि मग धडकी भरली. व्हिसा काढायचा असतो तेव्हा फाइल आधीच तपासली जाते. काही कमी असलं तर तारीख पुढं ढकलता येते, कागद पुन्हा देता येतात. इथं तीच तपासणी निघायच्या दिवशी, बॅगा वजनकाट्यावर असताना होते. म्हणून मी ठरवलं की व्हिसा लागत नसला तरी फाइल व्हिसाच्या अर्जासारखीच करायची, छापील आणि दोन प्रतींत.

पहिली अडचण आईच्या पासपोर्टची. दहा वर्षांपूर्वी काढून ठेवलेला, आत एकही शिक्का नाही आणि मुदत नोव्हेंबर २०२४ला संपणार. जुलैमध्ये जाऊन ऑगस्टच्या सुरुवातीला परतायचं म्हटलं, तर सहा महिने भरत नव्हते. १२ फेब्रुवारीला ऑनलाइन अर्ज केला. छत्तीस पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये. पुण्याच्या मुंढवा केंद्रातली अपॉइंटमेंट २३ फेब्रुवारीची मिळाली. सकाळच्या वेळेत वयस्कर माणसांना तिथं फार ताटकळावं लागत नाही. आईला एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर तेवढं सरकावं लागलं. पोलिस व्हेरिफिकेशनसाठी मार्चच्या पहिल्या आठवड्यात फोन आला आणि १३ मार्चला स्पीड पोस्टनं नवा पासपोर्ट हातात पडला.

इथं एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांनी मुद्दाम बघावी. आपल्याकडे पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात बाईचं स्वतःचं नाव आणि नवऱ्याचं नाव एकत्र येतं, आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. तिकीट काढणारे घाईत नवऱ्याचं नाव गाळतात. मी पासपोर्ट समोर ठेवून एकेक अक्षर जुळवून घेतलं आणि मगच पैसे भरले. जुन्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल, तर नूतनीकरणाच्या वेळीच तो भरून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, वाटेतला देश. भारतातून फिजीला थेट विमान नाही. फिजीचा मोठा आंतरराष्ट्रीय विमानतळ नांदीला आहे (इंग्रजीत स्पेलिंगमध्ये मधला ‘न’ नसतो, तेव्हा तिकीट शोधताना ‘नादी’ वाचलंत तर गोंधळू नका). तिथं सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन, ऑकलंड, हाँगकाँग आणि सिंगापूरहून विमानं जातात. सिडनीमार्गे तिकीट आम्हाला माणशी सात-आठ हजारांनी स्वस्त पडत होतं. पण ऑस्ट्रेलियात नुसतं विमान बदलायचं असलं तरी भारतीय पासपोर्टला ट्रान्झिट व्हिसा लागतो, उपवर्ग ७७१. त्याला फी नाही, पण अर्ज आहे, कागदपत्रं आहेत आणि उत्तराची वाट पाहणं आहे. न्यूझीलंडमार्गे गेलं तरी भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा चुकत नाही. जिथं जायचं तिथं व्हिसा नको, आणि जिथं दोन तास बसायचं तिथं हवा, असा हा प्रकार.

सिंगापूरला विमानतळाच्या आतच राहून पुढचं विमान पकडायचं असेल, तर भारतीयांना व्हिसा लागत नाही. त्यासाठी दोन्ही विमानं एकाच तिकिटावर हवीत आणि बॅगा थेट नांदीपर्यंत जायला हव्यात. वेगवेगळी स्वस्त तिकिटं जोडली आणि चांगीला, म्हणजे सिंगापूरच्या विमानतळावर, बॅगा उतरवून घ्यायची वेळ आली, तर इमिग्रेशन ओलांडून बाहेर पडावं लागतं, आणि तिथं व्हिसाचा प्रश्न उभा राहतो. म्हणून एप्रिलमध्ये मी मुंबई–सिंगापूर–नांदी आणि परत असं एकाच बुकिंगवरचं तिकीट काढलं. दोघींचे मिळून पावणेदोन लाखांच्या आसपास गेले. सात-आठ हजार वाचवायच्या नादात आईला आणखी एका व्हिसाच्या अर्जात गुंतवणं मला पटलं नाही.

याच ओघात बाकीच्या बेटांबद्दलही वाचलं. वानुआतू, कुक आयलंड्स, नियुए, मायक्रोनेशिया इथंही भारतीयांना थोड्या दिवसांसाठी आधी व्हिसा लागत नाही. पण नियुएला विमान फक्त ऑकलंडहून जातं. मायक्रोनेशियाचा नेहमीचा मार्ग ग्वाम किंवा होनोलुलूवरून, म्हणजे अमेरिकेचा व्हिसा आलाच. तेव्हा ‘व्हिसा न लागणारे अमुक देश’ अशा याद्या वाचताना आधी विमान कुठून जातं ते बघावं. पॅसिफिकमध्ये भारतीय माणसाला सोप्यातलं सोपं फिजीच, असं माझं मत झालं.

मे आणि जून कागद जमवण्यात गेले. भाचीनं निमंत्रणपत्र पाठवलं. त्यात आम्ही तिच्याकडे कधीपासून कधीपर्यंत राहणार, नातं काय, घराचा पूर्ण पत्ता आणि तिचा फिजीतला फोन नंबर होता. सोबत तिच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाची आणि वर्क परमिटची प्रत. नियमात असं पत्र मागितलेलं नाही, पण जे हॉटेलचं बुकिंग दाखवू शकत नाहीत त्यांच्या हातात काहीतरी लेखी हवंच. माझं सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट शिक्का मारून घेतलं. आईचं पेन्शनचं पासबुकही ठेवलं. प्रवास विमा दोघींचा मिळून साडेसहा हजारांचा झाला, त्यातला मोठा वाटा आईच्या वयाचा. फिजीसाठी विमा सक्तीचा नाही. पण चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला घेऊन इतक्या लांब जाताना तो न घेणं मला योग्य वाटलं नसतं.

पैशांचं म्हणाल तर आमच्या मनी चेंजरकडे फिजी डॉलर नव्हते आणि मागवूनही मिळाले नाहीत. अमेरिकन डॉलर नेले आणि नांदीच्या विमानतळावर थोडे बदलून घेतले. तेव्हा एक फिजी डॉलर सदतीस रुपयांच्या आसपास पडला. दहा हजार फिजी डॉलर किंवा त्याहून जास्त रोकड असेल तर ती जाहीर करावी लागते. आपल्यासारख्यांचा त्याच्याशी सहसा संबंध येत नाही, पण फॉर्ममध्ये तो प्रश्न असतो.

मग बॅग भरणं. आईनं नातीसाठी महिनाभर आधीपासून तयारी चालवली होती. कढवलेल्या तुपाची बरणी, मेथीचे लाडू, घरचं मेतकूट, कुरडया, गोडा मसाला, लिंबाचं लोणचं आणि ओटीसाठी नारळसुद्धा. फिजीचे जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत. बेटांवरची शेती बाहेरच्या किडीनं आणि रोगानं उद्ध्वस्त होऊ नये म्हणून ताजी फळं, भाज्या, बिया, रोपं, मांस, दुधाचे पदार्थ, मध यांवर एक तर बंदी असते किंवा परवानगी लागते. भाचीनं व्हिडिओ कॉलवर आजीला एकेक वस्तू उचलून दाखवायला सांगितली. तूप नको, लाडवांत तूप म्हणून तेही नकोत. नारळ तर मुळीच नको. आईचा चेहरा पडला. शेवटी एका नावाजलेल्या दुकानातून कंपनीच्या पाकिटातला गोडा मसाला, मेतकूट आणि पापड आणले. पाकिटं सीलबंद होती, घटकांची यादी इंग्रजीत छापलेली. त्यात आईनं तिच्या साखरेसाठी मेथीदाण्यांचं एक छोटं पाकीट घातलं, ‘विचारतील तर दाखवू’ म्हणून. हे सगळं मी एकाच पिशवीत, बॅगेत अगदी वर ठेवलं. उघडायला सांगितलं तर साड्यांचा ढीग उपसावा लागू नये.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात निघालो. व्हीलचेअर आणि शाकाहारी जेवण आधीच नोंदवलं होतं. व्हीलचेअरला पैसे पडत नाहीत, फक्त दोन-तीन दिवस आधी सांगून ठेवावं आणि जेवणाची नोंद दोन्ही विमानांसाठी झाली ना हे फोन करून खात्री करावी.

मुंबईच्या टर्मिनल दोनवर चेक-इनच्या काउंटरवरच्या मुलानं आमचे पासपोर्ट पालथे घातले. आईचा तर कोरा करकरीत. ‘फिजीचा व्हिसा?’ मी म्हटलं, भारतीयांना लागत नाही. त्यानं शेजारच्या सहकाऱ्याला विचारलं, तिला ठाऊक नव्हतं. आम्हाला बाजूला थांबवलं. मागची रांग पुढं सरकत राहिली आणि आई व्हीलचेअरवर बसून माझ्याकडे बघत होती. ‘काय गं, परत जायचं का?’ तिनं अगदी हळू विचारलं. माझ्या तळहातांना घाम फुटला होता, पण तिला म्हटलं, ‘नाही आई, तपासतायत नुसतं.’

सुपरवायझर आल्यावर मी त्यांना टिमॅटिकमध्ये बघण्याची विनंती केली. हा आयाटाचा, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, डेटाबेस आहे. कुठल्या देशाच्या नागरिकाला कुठं जाताना काय लागतं, हे विमान कंपन्या त्यातच बघतात. व्हिसा किंवा कागदांअभावी प्रवासी परत पाठवला गेला तर त्याला माघारी आणायची जबाबदारी कंपनीवर येते, म्हणून काउंटरवरची माणसं इतकी काटेकोर असतात. त्यांच्या जागी मी असते तर मीही तपासलंच असतं. त्यांनी नागरिकत्व, मुक्काम, वाटेतला देश असं सगळं भरलं, पडद्यावरचं वाचलं आणि मग एकेक मागितलं: पासपोर्टची मुदत, परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता, पैसे. फाइलमधून चार कागद त्याच क्रमानं काढून दिले. अर्धा तास गेला असेल. दोन्ही टप्प्यांचे बोर्डिंग पास मिळाले. बॅगेच्या पट्टीवर ‘एनएएन’ हा नांदीचा संकेत छापलाय ना, हे मी वाकून वाचलं. तुम्हीही वाचा, कारण सिंगापूरमधली सगळी सोय त्या तीन अक्षरांवर अवलंबून असते. आणि नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा. फिजीला जाणारे प्रवासी काउंटरवरच्या माणसांना रोज भेटत नाहीत.

आपल्याकडच्या इमिग्रेशनला दोन मिनिटं लागली. कशासाठी जाताय, तिथं कोण आहे, परत कधी, खर्च कोण करतंय, एवढंच विचारलं. अधिकाऱ्यानं भाचीचं पत्र वाचलं आणि आईच्या पासपोर्टवर आयुष्यातला पहिला शिक्का पडला.

चांगीला लांब थांबा होता. व्हीलचेअरवाल्या मदतनिसानं आईला एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंत सुखरूप नेलं, कुठंही इमिग्रेशन ओलांडावं लागलं नाही. तिथून नांदी दहा तासांच्या आसपास. आईच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी मी हातातल्या पिशवीत ठेवली होती. फिजी आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढं आहे, म्हणून गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारून आधीच कागदावर मांडून घेतल्या होत्या. साखर-रक्तदाबाच्या माणसांना घेऊन जाताना हे विसरू नका.

विमानात प्रवेशाचं कार्ड वाटलं. पासपोर्ट नंबर, विमानाचा नंबर, फिजीतला पत्ता, किती दिवस, कशासाठी, आणि खाण्याचे पदार्थ, बिया, वनस्पती आणल्यात का, हे त्यात विचारतात. पेन जवळ हवंच, माझं पेन पुढच्या तीन रांगांत फिरून आलं. खाण्याच्या प्रश्नाला मी ‘हो’वर खूण केली. ‘नाही’ लिहून बॅगेत सापडलं तर दंड, ‘हो’ लिहिलं तर फक्त तपासणी.

नांदीला उतरल्यावर फुलाफुलांचे शर्ट घातलेली माणसं गिटार वाजवत गात प्रवाशांचं स्वागत करत होती. ‘बुला’ म्हणत हसून बघायची. सगळ्या अंगाचं अवघडलेपण घेऊन उतरलेल्या माणसाला ते फार बरं वाटतं. इमिग्रेशनच्या काउंटरवर भारतीय वंशाच्या बाई होत्या. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर माणसं इथं उसाच्या मळ्यांत गिरमिटावर, म्हणजे करारावरचे मजूर म्हणून, आणली गेली. त्यांची मुलंनातवंडं आज फिजीच्या सगळ्या कचेऱ्यांत दिसतात. मला त्यांनी इंग्रजीत विचारलं, पण आईकडे वळून हिंदीत बोलल्या. अवधी-भोजपुरीकडे झुकणारी ती हिंदी आईला पटकन कळली. किती दिवस राहणार, कुणाकडे राहणार. आईनं ‘नातीकडे’ असं मराठीतच सांगितलं आणि त्या हसल्या. परतीचं तिकीट मागितलं, पत्ता बघितला, बँकेचं स्टेटमेंट मात्र उघडायची वेळ आली नाही. शिक्का मारला. बाजूला झाल्यावर मी त्यावरची मुदतीची तारीख वाचून घेतली, चार महिन्यांची होती. मुदतीपेक्षा जास्त राहायचं असेल तर ती संपायच्या आत इमिग्रेशन खात्याकडे अर्ज करावा लागतो.

पुढं जैवसुरक्षेचं टेबल. ‘हो’वाल्यांची रांग वेगळी. हातमोजे घातलेल्या तरुणानं पिशवी उघडली आणि एकेक पाकीट उलटंसुलटं करून वाचलं. पापड बाजूला, मसाला बाजूला, मेतकूट उघडायला सांगून वास घेतला आणि विचारलं, पीठ कसलं? मी भाजलेल्या डाळी आणि तांदूळ असं सांगितलं. मेथीदाणे हातात धरून तो थांबला. अख्ख्या बिया, पेरल्या तर उगवतील अशा. ते पाकीट त्यानं शेजारच्या पिंपात टाकलं, बाकी सगळं नीट पिशवीत भरून दिलं आणि आईला ‘सॉरी’ म्हणाला. पंधरा मिनिटांत आम्ही बाहेर. सुव्हाच्या बाजारात भारतीय किराणा सगळा मिळतो, मेथीदाणेसुद्धा, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

भाची गाडी घेऊन आली होती. क्वीन्स रोडनं सुव्हा चार तासांवर. आईनं नातीचा हात धरून ठेवला होता तो वाटेतलं सिगाटोका गाव येईपर्यंत सोडला नाही.

परतीच्या वेळी काही अवघड नव्हतं. विमानतळाचा निर्गमन कर तिकिटातच धरलेला असतो, वेगळे पैसे मागत नाहीत. परमिटची तारीख बघून शिक्का मारला, सिंगापूरला पुन्हा आतल्या आतच विमान बदललं, मुंबईत बॅगा बरोबर आल्या.

आता ताई आणि भावजी लेकीकडे जायचं म्हणतायत, नाताळच्या सुट्टीत. नोव्हेंबर ते एप्रिल तिथं चक्रीवादळांचा मोसम असतो, म्हणून मी त्यांना मेनंतरची तिकिटं बघायला सांगितलंय, सिंगापूरमार्गे आणि एकाच बुकिंगवर. भावजींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे, त्यांचा नूतनीकरणाचा अर्ज या रविवारी आम्ही बसून भरणार आहोत.